पिवळ्या रंगातला सात

सुरुवातीलाच माफी मागतो. डोंगरातल्या प्राचीन चित्रांविषयी लिहावं एवढं माझं शिक्षण नाही, आणि असं मोकळं काही लिहावं एवढा भाषेवर हात बसलेला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. चार ओळी लिहायला बसलो की अजूनही 'महोदय' अशीच सुरुवात करावीशी वाटते. त्यात ज्या दगडांविषयी सांगणार आहे त्यांतल्या एकाचं मीच वाटोळं केलं आहे. ज्यानं वाटोळं केलं त्यानंच आठवणी काढत बसावं हे मलाही बरं दिसत नाही. पण दरवर्षी परीक्षेचं हॉलतिकीट हातात पडलं की अभ्यास राहतो बाजूला, मला चिखल आठवतो. तळहाताला त्याचा गारवा जाणवतो, नखांत काळी वाळू अडकल्यासारखी वाटते. यंदाही तेच. माणगावच्या या खोलीत एम.ए.ची पुस्तकं उघडी पडली आहेत आणि मी मनानं अमिरातीतल्या एका दरीत, दोन्ही हात चिखलात घालून उभा आहे. एकदाचं लिहून टाकावं, म्हणजे पुढचे पंधरा दिवस तरी वाचन होईल, एवढाच हेतू.

तिथे मी चार वर्षं एका क्रशरवर वजनकाट्याचा क्लार्क होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शारजाहून पूर्वेच्या समुद्राकडे जाणारा रस्ता डोंगरात शिरला की थोड्याच वेळात आमची दरी लागायची. दरी म्हणजे कोरडी नदीच, तिथे तिला वादी म्हणतात. दोन्ही अंगांना काळे डोंगर, कुणीतरी दगड एकावर एक रचून ठेवल्यासारखे. गवताचं पातं नाही. कोकणातल्या माणसाला डोंगर म्हटला की झाडी डोळ्यांपुढे येते; पहिले सहा महिने मला ते डोंगर कपडे काढून उभे असल्यासारखे वाटायचे, नीट बघायचा संकोच व्हायचा. उन्हाळ्यात तर बघवतच नसत. पण नोव्हेंबर लागला की हवा हलकी व्हायची. सकाळी केबिनच्या पत्र्यावर दव असायचं. चहाच्या ग्लासातून वाफ निघालेली दिसायची, जी एरवी आठ महिने दिसत नसे. क्रशर सुरू होण्याआधी, सहाच्या सुमाराला, दरी इतकी शांत असे की वरच्या खजुराच्या बागेत पाटाचं पाणी वाहताना ऐकू यायचं. मग सात वाजता क्रशर सुरू व्हायचा आणि दिवसभर दुसरं काही ऐकू यायचं नाही.

आमच्याकडे खडी तर निघायचीच, पण मुख्य माल म्हणजे समुद्राच्या बांधाला लागणारे मोठे दगड. असा एकेक दगड काट्यावर तोलायचा, मी टनांचा आकडा ओरडून सांगायचा, आणि तो आकडा पिवळ्या रंगानं दगडाच्या अंगावर टाकून तो रस्त्याच्या कडेला रांगेत ठेवायचा. ज्याच्या अंगावर पिवळा आकडा आहे तो पास झालेला, ट्रकात चढायला मोकळा. रंगाचा डबा आणि ब्रश माझ्याच टेबलाखाली असे. ही रीत मी आधीच सांगून ठेवतो, कारण ती रोज पाळणाऱ्या माणसानंच पुढचा मूर्खपणा करावा याचा मला आजही संताप येतो.

नोकरी करता करता मी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून इतिहासात बी.ए. करत होतो. पुस्तकं टपालानं यायची. परीक्षेला एप्रिलमध्ये रजा काढून गावी जायचं. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प होता: आपल्या परिसरातील एखाद्या प्राचीन स्थळाची नोंद करा. बाकीच्यांना किल्ले होते, लेणी होती, निदान गावचं देऊळ होतं. माझ्या परिसरात क्रशर होता. मी ते पान बरेच दिवस उलटून ठेवलं होतं.

स्थळ दाखवलं ते राशिदबाबांनी. वादीच्या वरच्या अंगाला त्यांची खजुराची बाग आणि तीसेक शेळ्या होत्या. तरुणपणी ते गलबतावरून मुंबईला येऊन गेले होते, त्यामुळे हिंदी बोलत, व्याकरणाची फारशी पर्वा न करता. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी फिरत फिरत त्यांच्याकडे जायचो. ते छोट्या पेल्यात कडू कॉफी द्यायचे आणि मुंबईतल्या एका हॉटेलातली मटण खिमा-पावाची चव मला समजावून सांगायचे. एकदा मी प्रकल्पाचं रडगाणं गायलो, तर पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला पहाटे बोलावलं. रस्त्यालगतच्या एका काळ्या दगडासमोर नेलं. मला तिथे काहीच दिसेना.

"बैठो," ते म्हणाले. "सूरज आएगा, घोड़ा आएगा."

मी बसलो. थंडी होती. समोरच्या डोंगराच्या कडेवरून उन्हाची पहिली तिरीप दगडावर आडवी पडली आणि घोडा आला. खरंच आला, दुसरा शब्द नाही. दगडाची काळी साल कुणीतरी टोचून टोचून काढलेली, आत फिकट राखाडी रंग. रेघांचा घोडा, वर रेघेचाच माणूस, एक हात उंच, हातात काठी असेल नाही तर भाला. बाकी सगळं लहान पोरानं काढल्यासारखं, पण लगाम मात्र निगुतीनं काढलेला. ज्यानं काढला त्यानं घोडा हाताळलेला असणार. बाजूला लांब शिंगांची शेळी आणि एक नाग. मी बघतच राहिलो. पंधरा-वीस मिनिटांत ऊन वर चढलं आणि चित्र पुसट होत होत गेलं. पुन्हा नुसता दगड.

कुणी काढलं, कधी काढलं, असं मी विचारलं. राशिदबाबा म्हणाले, "मेरा दादा भी पूछा. किसी को मालूम नहीं." त्यांना त्याचं फार काही वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तो घोडा म्हणजे हद्द होती. शेळ्या घोड्यापर्यंत सोडायच्या, घोड्यापलीकडे नाही, अशी त्यांच्या वडिलांची ताकीद होती आणि ते ती अजून पाळत होते.

मग सगळा हिवाळा मी सकाळ-संध्याकाळ दगडांच्या मागे. ऊन तिरपं असेपर्यंतच चित्र दिसणार, आणि ऊन तिरपं असतं तेव्हाच माझी ड्यूटी सुरू होणार किंवा संपणार. दिवसाकाठी दहा मिनिटं मिळायची. कधी ढग यायचे. वर्षभर आकाशात ढगाचं चिन्ह नाही, आणि मी पेन्सिल काढली की ढग. तरी करत करत मी एकूण अकरा दगड शोधले. दहा वरच्या उतारावर, आणि घोडेस्वाराचा एकटा खाली, रस्त्याशी.

आमच्या कॅम्पमध्ये दाऊदचाचा होते. ते शावल चालवायचे. शावल म्हणजे पुढे भलंमोठं फावडं लावलेलं यंत्र, त्यानंच दगड उचलायचे. श्रीवर्धनकडचे, साठीला टेकलेले, आणि गळ टाकून मासे धरणं सोडलं तर जगातल्या कुठल्याच गोष्टीला मान न देणारे. 'मास्तर' हे नाव मला त्यांनीच पाडलं होतं. माझी चित्रं बघून ते म्हणाले, "आमच्या नातवानं असा घोडा काढला असता तर कानाखाली दिली असती. पाय बघ, पाच काढलेत."

"पाचवा पाय नाही चाचा, शेपूट आहे."

"शेपूट जमिनीला टेकते काय? लिही तुझ्या पुस्तकात, गाढव हाय म्हणून."

त्यांना हसू दे. माझी खरी पंचाईत पुस्तकानं केली होती. प्रकल्पाच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं: प्रत्येक अवशेषाला क्रमांक द्यावा. द्यावा म्हणजे कुठे द्यावा, हे लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नसावी. ज्यांच्या घरात दोन माणसं शिकलेली आहेत त्यांना हे आपोआप कळत असेल. मला विचारायला कुणी नव्हतं, आणि सूचना तंतोतंत पाळल्या की माणूस पास होतो, एवढंच मला माहीत होतं. एका शुक्रवारी मी टेबलाखालचा डबा आणि ब्रश उचलला आणि अकराही दगडांवर क्रमांक टाकले. चित्राला धक्का लागू नये म्हणून कोऱ्या बाजूला टाकले, याचा मला अभिमानसुद्धा वाटला. फोटोत यावे म्हणून वीतभर उंच काढले. इंग्रजी आकडे काढले, कारण ते जास्त शास्त्रीय वाटले. घोडेस्वाराच्या वाट्याला सात आला.

राशिदबाबा मागे उभे राहून बघत होते. त्यांनी विचारलं, हे कशाला. मी त्यांना, हे वाक्य मला आठवतं तेव्हा कान गरम होतात, मी त्यांना सांगितलं की बाबा, आता नंबर पडला, आता याला कुणी हात लावणार नाही. त्यांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाचा शब्द म्हणून त्यांनी तो घेतला.

हात लागण्याची भीती तशी खरीच होती. क्रशर हळूहळू उताराच्या दिशेनं सरकत होता. मोजणीच्या लाल फडक्यांच्या खुंट्या अकरा नंबरच्या दगडाच्या वर जाऊन बसल्या होत्या. म्हणून मी आमच्या साइट इंजिनियरांकडे, सावंतसाहेबांकडे, शारजाला गेलो. अल मजाजला तळ्याच्या कडेला त्यांचा फ्लॅट होता. चित्रं कॅलेंडरच्या गुंडाळीत घालून नेली होती. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. मी म्हटलं, बाळ, बाबा आहेत का? "डॅड इज इन द शॉवर," असं सांगून ती आत गेली, आणि मी बूट काढावेत की नाही याचा विचार करत वीस मिनिटं दारातच उभा राहिलो.

साहेबांनी चित्रं खरंच नीट बघितली. पोहे दिले. मग म्हणाले, "नाइस वर्क रे. पण हे दगड माझ्या प्लॅनमध्येच नाहीत. जे प्लॅनमध्ये नाही ते मी वाचवू कसं? तू रिटनमध्ये दे. आणि गव्हर्नमेंटचं एक लेटर आण, मग बघू."

लेटर. आमची सुट्टी शुक्रवारी, आणि जगातल्या त्या भागात ऑफिसंही शुक्रवारीच बंद. अर्ध्या पगारी रजा टाकून गेलो. एका ऑफिसात अतिशय सभ्य गृहस्थांनी कॉफी दिली, नकाशा पसरला, आणि दाखवलं की वादीचा डावा काठ आमच्या अमिरातीत येतो, उजवा येत नाही. दगड कुठल्या काठावर? मी म्हटलं, पाऊस पडला की काठ बदलतो. ते हसले आणि दुसऱ्या शहरातल्या ऑफिसचा पत्ता दिला. तिथे कळलं की रस्ता त्यांचा आहे, पण रस्त्याच्या कडेचा दगड कुणाचा ते बघावं लागेल. कधी? "बुकरा, इन्शाल्ला." बुकरा म्हणजे उद्या. मी तसे बरेच उद्या पाहिले. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं. प्रत्येकानं कॉफी पाजून परत पाठवलं.

शेवटी अर्ज करायचं ठरलं. इंग्रजीत. दोन खर्डे फाडले. जानेवारीतल्या एका दुपारी, बाराच्या पुढे, मी केबिनमध्ये तिसरा खर्डा लिहीत होतो. 'शिळा क्रमांक सात हिच्यावर घोडेस्वाराचे चित्र असून ती तातडीने संरक्षित करणे आवश्यक आहे,' या अर्थाचं वाक्य जुळवत होतो. 'तातडीने'ला कुठला शब्द वापरावा यावर अडलो होतो. तेवढ्यात काट्यावर ट्रक आला. मी आकडा बघितला, पावती फाडली, शिक्का मारला, हात केला. ट्रक गेला. मी पुन्हा शब्द शोधायला लागलो.

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर कॅमेरा घेऊन खाली गेलो. ऊन अगदी हवं तसं तिरपं होतं. दगडाच्या जागी फिकट, ओलसर मातीचा खळगा होता. एक पाल त्यात गोंधळून बसली होती. मी पोहोचलो तशी पळाली.

मी धावत दाऊदचाचांकडे गेलो. ते शावलला पाणी मारत होते. मी काय बोललो आठवत नाही. त्यांनी नळी बंद केली.

"सात टनाचे तीन हवे होते," ते म्हणाले. "दोन रांगेत होते. तिसऱ्यावर आकडा तुझा, रंग तुझा. दुपारचे बारा वाजलेले, मला घोडा दिसणार कुठून?"

मग नळी पुन्हा सुरू करता करता ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "मराठीत टाकला असतास सात, तर इथं कुणाच्या बापाला कळला नसता. दगड जाग्यावर राहिला असता. शास्त्रीय म्हणे."

राशिदबाबांना सांगायला मी दोन दिवस लावले. तोवर त्यांना कळलंच होतं. ते त्या खळग्याच्या काठावर बसले होते, काठी आडवी घेऊन. शेळ्या खळग्यापलीकडे, ट्रकच्या रस्त्यावर गेल्या होत्या आणि ते त्यांना हाकारत नव्हते. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किधर गया?"

मी म्हटलं, बंदरावर, समुद्राच्या बांधात.

"समुंदर में घोड़ा," ते म्हणाले. मग म्हणाले, "कौन सा बंदर?"

ते मला सांगता आलं नाही. पावतीवर फक्त 'मासेमारी बंदर' एवढंच होतं, आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर अशी तीन बंदरं होती. तिन्हींचे बांध त्याच वर्षी चालले होते. ट्रक भाड्याचे. कोण कुठे गेला याचा पत्ता ड्रायव्हरलाच दुसऱ्या दिवशी नसे. मी राशिदबाबांना शब्द दिला, शोधून सांगतो. हा माझा दुसरा शब्द. पहिल्याचं काय झालं ते समोर खळग्यात दिसत होतं, तरी त्यांनी हाही घेतला.

आणि मग उरलेल्या दहा दगडांची काळजी लागली. त्यांच्या अंगावर माझा पिवळा रंग तसाच चमकत होता. एक ते सहा, आठ ते अकरा. शावल एकदा उतारावर चढलं की एकेक करून जाणार. रंग काढायला थिनर आणला, पण चाचा म्हणाले, आधी साध्या दगडावर लावून बघ. बघितलं. रंगाबरोबर दगडाची काळी सालही फिकट पडली. हजारो वर्षांची साल, आणि माझ्या चिंधीला लागून आली. थिनर ठेवून दिलं. मग एकच उपाय सुचला. पाटाच्या कडेचा चिखल घ्यायचा आणि आकड्यांवर लिंपायचा. वाळला की दगडासारखाच दिसायचा. मी स्वतःवर खूश झालो, आणि दुसऱ्याच आठवड्यात पाऊस आला.

तिकडे पाऊस म्हणजे सण. वादीला पाणी आलं की शारजा-दुबईहून माणसं गाड्या काढून बघायला येतात. अल मजाजची आपली मराठी कुटुंबंही यायची, डबे, चटया, पोरं घेऊन. ओल्या दगडांचा वास सुटलेला, काळ्या डोंगरांवरून पांढऱ्या धारा उतरलेल्या, माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढताहेत. इतकं सुंदर दृश्य मी त्या देशात दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते मला एकदाही सुखानं बघता आलं नाही. सगळे खाली पाण्याकडे बघत होते आणि मी वर माझ्या आकड्यांकडे. चिखल धुपून गेला होता. ओल्या दगडावर पिवळा रंग नव्यासारखा झळकत होता. मी पुन्हा लिंपलं. चार दिवसांनी पुन्हा पाऊस. कितीतरी वर्षं झाला नाही असा पाऊस त्या हिवाळ्यात झाला, असं सगळे म्हणत होते. झाला ना. एकदा सावंतसाहेबांची मुलगी वर चढून आली आणि मी दगडाला काय लावतोय ते बघत राहिली. "इज इट सिक?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

उरलेल्या दहांसाठी शेवटी जो अर्ज पाठवला, त्याला उत्तर म्हणून दोन महिन्यांनी एक जीप आली. दोन माणसं उतरली, भर दुपारी. मी दहाही दगड दाखवले. त्यांनी दहाही दगडांचे फोटो घेतले. त्यांना काहीही दिसलं नाही. मी विनवलं, सकाळी सहाला या. ते म्हणाले, ऑफिस साडेसातला उघडतं. जीप गेली. सावंतसाहेबांनी मात्र कुणाला न सांगता खुंट्या चाळीस पावलं खाली आणून ठोकल्या. प्लॅन तोच, खुंट्या नव्या जागी. मला काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. पण हे लिहिताना ते राहून जाऊ नये.

शुक्रवारी मी बंदरं धुंडाळायचो. दाऊदचाचांची जुनी पिकअप होती. ते गळ आणि डबा घेऊन निघायचे, मी मागे. पहिल्या बंदरावर उतरलो आणि बघतो तर बांधावर पिवळे आकडे. पाच, सहा, सात, सात, आठ, सात. आमच्याच क्रशरचे, माझ्याच टेबलाखालच्या रंगाचे. सातच सात. कुठला माझा? निम्मे पाण्याखाली, निम्म्यांची तोंडं आत. खेकड्यासारखा मी फटीफटीतून फिरलो, ढोपरं सोलली. एका कोळ्यानं हिंदीत विचारलं, काय हरवलं? मी घाईत म्हणालो, घोडा. त्यानं मला शहराबाहेरच्या तबेल्याची वाट नीट समजावून सांगितली. चाचा तोंड फिरवून हसले. आठवडाभर कॅम्पमध्ये मला घोड्याशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. आणि दर शुक्रवारी परत येताना बागेच्या कुंपणाशी राशिदबाबा उभे असायचे. एकच शब्द. "मिला?"

एप्रिलमध्ये परीक्षेला गावी आलो तेव्हा प्रकल्प जमा केला. जूनमध्ये टपालानं परत आला. पास होतो. शेवटच्या पानावर सरांनी तांबड्या शाईनं दोन ओळी लिहिल्या होत्या: 'काम प्रामाणिक आहे. क्रमांक कागदावर द्यायचे असतात, वस्तूवर नव्हे.' मी काट्याच्या केबिनमध्ये ते वाचलं. बाहेर ट्रक हॉर्न देत होता. एवढी साधी गोष्ट. एक ओळ आधी छापली असती तर, असं सरांवर रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. स्वतःवर रागावून झालं होतं. मग राग कशावर काढावा ते न कळून मी पिवळ्या रंगाचा डबा उचलला आणि दाराबाहेर ठेवला. संध्याकाळी परत आत आणला. काम होतं.

पुढच्या वर्षी माझं काँट्रॅक्ट संपलं. निघायच्या दिवशी मी अखेरचा चिखल लिंपला आणि बागेवर गेलो. राशिदबाबांनी खजूर बांधून दिले. त्या दिवशी त्यांनी तो शब्द विचारला नाही. मला ते जास्त लागलं.

इथे वर्गात सर प्राचीन चित्रांविषयी शिकवतात तेव्हा मी मागच्या बाकावर असतो. फळ्यावर 'उद्देश' असा मथळा असतो. शिकारीसाठी, पूजेसाठी, हद्दीसाठी. मी उतरवून घेतो. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू असतं. थंडीत बसून एक माणूस दगडावर दगड आपटतो आहे, दिवसच्या दिवस, आणि त्याच्या घरचं कुणीतरी येऊन म्हणत असणार, तुला दुसरं काही काम नाही का. त्यानं मान वर न करता लगामाची रेघ पूर्ण केली असणार. एवढ्या मेहनतीनं केलेलं चित्र मी एका ब्रशच्या फटक्यात, शास्त्रीय आकड्यानं, समुद्रात धाडलं. मला एम.ए.ला चांगले मार्क पडतीलही. त्या गोष्टीचं काय करू, हे अजून कुठल्या पुस्तकात मिळालेलं नाही.

मी हे इथेच थांबवणार होतो. पण गेल्या रविवारी श्रीवर्धनचे एक गृहस्थ रजेवर आले, ते माझी खोली शोधत आले. साबणाच्या चार वड्या, खजुराचा डबा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक कॅसेट. दाऊदचाचांना लिहिता येत नाही, म्हणून ते बोलून पाठवतात. शेजारच्या खोलीतला टेप आणला. आधी नुसता वारा आणि लाटा. मग चाचांचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा, यंत्राला ऐकू येत नसल्यासारखा.

म्हणाले, मास्तर, तीन वर्षं तिन्ही बंदरांवर शुक्रवारी गळ टाकतोय. मासे लागत नव्हते म्हणून जागा बदलत होतो, उगाच भलता समज करून घेऊ नकोस. तिसऱ्या बंदरावर, अगदी टोकाला, ओहोटी लागलेली, सकाळचं ऊन. पाण्यातून घोडा वर आला. दगड डोक्यावर ठेवलाय हरामखोरांनी. तुझा सातसुद्धा डोक्यावर उभा आहे, पण रंग काल लावल्यासारखा. बुढ्ढ्याला पिकअपमध्ये घालून आणलाय. पहाटेपासून इथं बसलाय, मला गळ टाकू देत नाही. घे, बोल त्याच्याशी.

मग बराच वेळ लाटाच. कुणीतरी खाकरलं. राशिदबाबांचा आवाज आला, सावकाश, लांबच्या माणसाला निरोप सांगावा तसा.

"मास्टर, मिला. घोड़ा उल्टा है. आदमी गिरा नहीं."